मोठ्या बाबाले विचार

माझ्याकडे एक वही आहे. चाळीस पानांची, शाळेत पोरं वापरतात तसली. ती पुढून उघडली तर एका लहान मुलीच्या श्वासांचे आकडे दिसतात — ओळी आखून, निळ्या शाईत. ती पानं घरातल्या सगळ्यांनी पाहिली आहेत, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनीही पाहिली आहेत. वही मागून उघडली तर शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले पाच आकडे आहेत. ते माझ्याशिवाय कोणी पाहिलेले नाहीत. बायकोने नाही, भावाने नाही. आई गेली, तिनेही नाही. सहा वर्षं झाली. आज तुमच्यापाशी बोलतो आहे. तुमच्यापाशीच का? तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असावं.

मी लाकडाच्या सरकारी डेपोवर मोजणी करतो. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलालगत आमचं गाव आहे. जंगलातून सागाचे नग येतात, मी त्यांची लांबी मोजतो, मधोमध फीत लावून गोलाई मोजतो, नगावर आकडा टाकतो. चोवीस वर्षं हेच काम. एकदा वरच्या साहेबांना माझ्या मापांचा संशय आला आणि त्यांनी अख्खी थप्पी उलगडून परत मोजायला लावली. सत्तर नग होते. एकाचंही माप हललं नाही. ती गोष्ट गावात अजून सांगतात. मीही सांगायचो — तेव्हा.

शिवाय माझा कान चांगला आहे. नग वरून साबूत दिसतो, आतून पोकळ असतो. हातोडीने एक टोला द्यायचा आणि कापलेल्या तोंडाला कान लावायचा. भरीव नगाचा आवाज एक, पोकळाचा दुसरा. मी कान लावून सांगितलं की व्यापारी पुन्हा विचारत नसत. हे सगळं फुशारकी म्हणून सांगत नाही. ही फुशारकीच पुढे नडली, म्हणून सांगतो.

आमचं घर एकत्र आहे. मी, माझी बायको यमुना, धाकटा भाऊ सुधाकर आणि त्याची बायको शीला. तेव्हा आईही होती. सुधाकर गावातल्या आरागिरणीवर कामाला — मोठ्या पात्याखाली लाकूड सरकवून द्यायचं काम. गिरणी आमच्या घरापासून दोनशे दहा पावलांवर आहे. ती चालू असली की भिंतीलासुद्धा बारीक कंप असतो, हात लावला तर कळतो. सुधाकरचे कान त्या आवाजाने अर्धे गेलेले. मोटर बंद झाली तरी माझ्या कानात चालूच राहते, म्हणतो.

आणि एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही. आमच्या वडिलांनी छप्पन्न साली चांद्याला दीक्षा घेतली, मी अकरा वर्षांचा होतो. घरातले देव गेले, गंडे-दोरे गेले. हे मात्र राहिलं. कोणी ठरवून ठेवलं नाही, राहिलं. शीला लग्न होऊन आली त्या दिवसापासून माझ्याशी थेट एक शब्द बोललेली नव्हती. मग गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, तिला मुलगी झाली. सुजाता. आणि शीला त्या मुलीच्या आडून माझ्याशी बोलू लागली.

“सुजे, मोठ्या बाबाले विचार, चाय ठेवू का म्हणा.”

मुलगी चार दिवसांची, तिला काय विचारता येणार? पण मी उत्तर मुलीलाच द्यायचो. “ठेव म्हणावं, साखर कमी.” आई हसून म्हणायची, “वा रे, बरा डाकिया भेटला दोघाले.” चार वर्षं जिचा आवाज मी फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता, ती त्या पोरीमुळे माझ्याशी दिवसातून दहादा बोलत होती. मला ते आवडायचं. माझं स्वतःचं मूल नाही. हेही कबूलच करायचं तर करतो.

पोर दीड महिन्याची झाली आणि एक गोष्ट यमुनाच्या ध्यानात आली. ऐन थंडीत, आम्ही सगळे शेकोटीला बसलेले असताना, दूध पिता पिता पोरीच्या कपाळाला घाम यायचा. दोन घोट प्यायची, थांबायची, दम खायची. आई म्हणाली, अंगात ऊब आहे, चांगलंच आहे. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, बराच वेळ ऐकलं, आणि नागपूरला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. सुधाकर म्हणाला, “दादा, तू चाल. मले ते काय म्हणतीन ते आयकू नाई येत.” म्हणून मी गेलो. ऐकणारा मीच होतो. हे लक्षात ठेवा.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाई नव्हती त्यांना. कागदाच्या पाठीवर त्यांनी काळीज काढून दाखवलं. पोटात असताना मूल श्वास घेत नाही, म्हणाल्या, त्याचं फुफ्फुस मिटलेलं असतं. रक्ताला तिकडे जायचं काम नसतं. म्हणून काळजात दोन आडवाटा असतात — सगळ्यांच्या, तुमच्याही होत्या. एक काळजाच्या मधल्या पडद्यात, झडपेसारखी. मूल जन्मून पहिला श्वास घेतं, रक्त फुफ्फुसात धावतं, तिकडून उलटा दाब येतो आणि ती झडप टेकते. दुसरी म्हणजे दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी आखूड नळी. ती एकदोन दिवसांत आकसते, दोनतीन आठवड्यांत तिची नुसती दोरी होते. हिची नळी आकसली नाही. पुढे जायचं रक्त परत फुफ्फुसात घुसतं, काळीज दुप्पट राबतं. दूध पिणं म्हणजे तिला डोंगर चढल्यासारखं आहे.

मला ते फार नीट कळलं. किती नीट, ते आजही सांगू शकतो, बघा ना. जन्मल्याबरोबर पहिल्या श्वासाला आतलं एक दार लागतं आणि आपल्याला पत्ताही नसतो — याचं मला नवल वाटलं होतं. परतीच्या गाडीत मी तेच मनात घोळवत होतो.

त्यांनी मला त्यांची ऐकायची नळी कानाला लावू दिली. मी ऐकलं आणि म्हणालो, “बाई, ही तर आमच्या गावची आरागिरणी आहे.” त्या म्हणाल्या, आमच्या पुस्तकातही असंच म्हणतात, यंत्रासारखा आवाज. न थांबणारी घरघर, दूरवर पातं चालावं तशी. मग म्हणाल्या, कधी कधी उशिरा का होईना, काळजातली ही नळी भरून येते. औषधाचे थेंब देते, ते मोजून द्या. तीन महिन्यांनी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणा. नसली भरली तर छातीत जाऊन तिला दोरा बांधता येतो, काळीज उघडावं लागत नाही. तोवर दर आठवड्याला पोर झोपेत असताना श्वास मोजा, पुरा एक मिनिट, आणि लिहून ठेवा. साठच्या वर गेले तर तारखेची वाट बघू नका, तशीच घेऊन या.

मोजा आणि लिहून ठेवा. माझ्यासारख्या माणसाला याहून सोपं काम कोणी दिलं असतं?

घरी सांगताना मी डॉक्टरीणबाईंचाच शब्द वापरला — भरून येईल. आईने तो लगेच उचलला. आई रोज सकाळी पोरीच्या टाळूवर तेल घालून टाळू भरायची. डोक्यातली ती मऊ जागा आणि काळजातली नळी तिच्या मनात एक होऊन गेली. तेल थापता थापता बोटाने चाचपायची आणि म्हणायची, “भरून राह्यली रे, पाह्य, कालपेक्षा घट्ट आहे.” मी पहिल्या दिवशी समजावलं की आई, ते वेगळं, हे वेगळं. दुसऱ्या दिवशी समजावलं. मग सोडून दिलं. पुढे हाच शब्द माझ्या उपयोगाला आला.

मी दर रविवारी दुपारी दोन वाजता मोजायचो. डेपोला तेव्हा सुटी, पोर जेवणवेळेनंतर झोपलेली. मोजायची वेळ बदलू नये, वार बदलू नये, हा माझा नियम. मनगटी घड्याळ समोर ठेवायचं, झबलं वर करायचं, पोट एकदा वर-खाली झालं की एक. पन्नास, अठ्ठेचाळीस, बावन्न, पन्नास. वहीत पुढच्या पानांवर जे पहिले दहा आकडे आहेत ते खरे आहेत. ते मी आजही कोणाच्याही समोर ठेवीन. मोजून झालं की छातीला कान लावायचो. घरघर असायची. डोकं उचललं तरी असायची. गिरणीची सुटी सोमवारी, बाजाराच्या दिवशी. रविवारी ती चालू.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. दहा रविवार मी एका चालत्या गिरणीपासून दोनशे दहा पावलांवर बसून, छातीतल्या गिरणीचा आवाज ऐकत होतो. दहाव्या रविवारी मी पुन्हा पुन्हा कान लावला, उचलला, लावला, उचलला. आत आणि बाहेर आवाज सारखाच. मग मी म्हणालो, जे ऐकू येतं ते गिरणीचंच आहे. पोरीच्या छातीचं स्वतःचं आता काही नाही. श्वास अठ्ठेचाळीस. वजन पाव किलोने वाढलेलं.

शीला दाराच्या आड उभी होती. “सुजे, मोठ्या बाबाले विचार. भरलं का म्हणा.”

मी म्हणालो, “भरलं.”

एवढ्यापुरती ती चूक होती. चूक कोणाची होत नाही? पण तुम्हांला सगळं सांगायचं म्हणून बसलो आहे, तर हेही सांगतो — एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डेपोवर लिलाव होता. लिलावाच्या आठवड्यात मोजणीदाराला रजा मागणं म्हणजे साहेबांच्या दाराशी उभं राहून बोलणी खाणं. “भरलं” म्हणताना हे माझ्या मनात नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. किती होतं, ते मोजायला माझ्याकडे फीत नाही.

आईने गूळ वाटला. शेजारच्या बायका येऊन टाळू चाचपून गेल्या. सुधाकर तेवढा रेंगाळला. “दादा, तरी एकडाव बाईले दाखवून आलो असतो.” मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, “सत्तर नग परत मोजले तेव्हा किती चुकले होते रे?” “तू म्हणतं तं झालंच,” तो म्हणाला. नागपूरला जायचं राहिलं. रविवारची मोजणी थांबली. थेंबांची बाटली संपली, दुसरी आणली नाही. आता कशाला लागते, असं मीच म्हणालो.

चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, गिरणी बंद होती. डेपोही बंद. सकाळी सगळे पांढरे कपडे घालून विहाराकडे निघायच्या तयारीत. शीलाने पोरीला पांढरं झबलं शिवलं होतं, यमुनाने तिला माझ्या हातात दिलं आणि ती केस विंचरायला गेली. पोर खांद्यावर झोपली. तिला नीट घ्यायला म्हणून मी मान वळवली आणि माझा कान तिच्या छातीला टेकला.

घरघर. दूर कुठे पातं चालावं तशी, न थांबणारी.

मी डोकं उचललं. शांत. अंगणात चिमणीचा आवाज येत होता, तेवढं शांत. परत कान टेकवला. गिरणी चालू. मी आयुष्यात हजारो नगांना कान लावला आहे, मला आणखी ऐकायची गरज नव्हती.

तेव्हा घरात सहा माणसं होती, मला धरून आणि तिला धरून. मी तोंड उघडलं असतं तर तीन दिवसांत पोर नागपूरला पोचली असती. मी तोंड उघडलं नाही. का? सहा वर्षं मी या “का”भोवती फिरतो आहे. भीती म्हणावी तर कोणाची? सुधाकर मला एक शब्द बोलला नसता. आई दोन शब्द बोलली असती. मला फक्त एवढं म्हणायचं होतं — माझं चुकलं. दोन शब्द. सत्तर नगांवाल्या माणसाला ते जमले नाहीत. आज जयंती आहे, उद्या सांगू, असं म्हणालो. उद्या सुधाकर कामावर गेला होता. मग म्हणालो, रविवारी पुन्हा श्वास मोजू, आकडा वाढला असेल तर आकडाच बोलेल, मला बोलावं लागणार नाही.

रविवारी मोजले. अठ्ठावन्न. साठच्या आत आहे, म्हणालो. पण मग वहीत मी अठ्ठावन्न लिहिलं का? नाही. वर अठ्ठेचाळीस होतं, त्याखाली एकदम अठ्ठावन्न दिसलं तर सुधाकर विचारील. मी अठ्ठेचाळीसच लिहिलं. आणि — हे मला स्वतःलाच कळत नाही — वही उलटी करून मागच्या पानावर पेन्सिलीने अठ्ठावन्न लिहिलं. खोटं लिहितानाही खरा आकडा वाया जाऊ देववेना. हाच माझा प्रामाणिकपणा, बघा.

मागच्या पानावर पाच आकडे आहेत. अठ्ठावन्न, बासष्ट, सहासष्ट, सत्तर, शहात्तर. पुढच्या पानावर त्याच पाच रविवारी अठ्ठेचाळीस, पन्नास, अठ्ठेचाळीस, पन्नास, बावन्न. हे मी केलं. ही चूक नव्हती. चूक अजाणता होते. मी घड्याळ समोर ठेवून, पुरं एक मिनिट मोजून, मग शाईचं पेन उघडून हे केलं. पाच वेळा.

मे महिना आला. आमच्या भागातला मे म्हणजे दुपारी कुत्रीसुद्धा जीभ काढून पडलेली असतात, माणसंही धापा टाकतात. त्यात एका पोरीचं धापा टाकणं कोणाला वेगळं दिसणार? शीलाला दिसलं. शेवटच्या रविवारी मी वही मिटत होतो तेव्हा ती दाराआडून म्हणाली, “सुजे, मोठ्या बाबाले विचार. दूध पेतानी माहा पदर वला होते तिच्या घामानं. श्वास काऊन असा चालून राह्यला म्हणा.”

शहात्तर लिहून माझी पेन्सिल अजून खिशात गेली नव्हती.

मी म्हणालो, “ऊन आहे म्हणावं. उन्हात काढू नको.”

“पण ते भरलं न म्हणा?”

आई ओसरीवरून ओरडली, “भरली वो, हात लावून पाह्य न टाळूले.” आणि मी म्हणालो, “भरत आली आहे.” टाळूच म्हणत होतो मी. टाळू भरतच आली होती. बघा किती नेमकं बोललो.

त्याच आठवड्यात तेंदूच्या पानांची तोडणी लागली होती. सगळं गाव पहाटे जंगलात जायचं, दिवस चढला की पानं घेऊन परतायचं. मंगळवार-बुधवार शीला पोरीला झोळीत बांधून गेली. गावातल्या सगळ्याच बायका न्यायच्या आपली पोरं. परत यायला साडेदहा-अकरा वाजायचे. गुरुवारी सकाळी पोरीने दूध तोंडात घेतलं नाही. ओठ निळसर. छाती भात्यासारखी. लाकूड भरलेला ट्रक बल्लारपूरला निघत होता, त्याच्या पुढच्या केबिनमध्ये आम्ही बसलो — ड्रायव्हर, मी, शीला मांडीवर पोर घेऊन, दाराशी सुधाकर. जागा इतकी कमी की तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. भासऱ्याच्या खांद्याला. ती अंग चोरून बसली होती, तशातही.

मी श्वास मोजत होतो. दुसरं काय येतं मला? आधी मोजता येत नव्हते इतके भराभर होते. मग मोजता येऊ लागले, आणि तेच वाईट होतं. मग मधे अंतर पडू लागलं. बल्लारपूर सात किलोमीटरचा दगड गेला तेव्हा मी सत्तावीसवर होतो. अठ्ठाविसावा आला नाही. मी पुरा एक मिनिट घड्याळ पाहिलं.

ट्रक चालतच होता. मग शीला पोरीच्या तोंडावर वाकली आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, “सुजे, मोठ्या बाबाले सांग, गाडी वापस घ्याले लाव म्हणा.”

मी ड्रायव्हरला सांगितलं. 

एवढ्यावर संपतं असं तुम्हांला वाटेल. मलाही आधी वाटायचं, माझा अपराध म्हणजे ते पाच आकडे. पण खरं सांगायचं ते अजून पुढेच आहे. तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राचे डॉक्टर येऊन गेले, भले माणूस होते. सुधाकरने त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांनी शेवटचे आकडे पाहिले, पन्नास, बावन्न, आणि म्हणाले, श्वास तर ठीक होते, काळजाचं दिसत नाही, उन्हाचाच झटका असावा. आणि विचारलं, उन्हात कुठे नेली होती का?

सगळ्यांनी शीलाकडे पाहिलं.

आईने कपाळाला हात लावला. “तेंदूले नेली होती जी. दोन दिवस. मी म्हणून राह्यली होती, नोको नेऊ, नोको नेऊ.” आई तसं म्हणाली नव्हती. पण त्या दिवसापासून तिला ते म्हटल्याचं आठवू लागलं, आणि गावालाही. “भासऱ्यानं सांगतलं होतं, उनात काढू नोको” — हेही सगळ्यांना माहीत होतं, कारण मी खरंच सांगितलं होतं. पानांपायी पोर घालवली, असं विहिरीवर बोललं जायचं, ती आली की थांबायचं. सुधाकरने तिच्यावर हात उगारला नाही, पण चार महिने तिच्या हातचं पाणी मागितलं नाही; स्वतः उठून घ्यायचा. आणि शीलालाही ते खरंच वाटत होतं.

मी रोज घरात होतो. जेवत होतो. वही माझ्या पेटीत होती. मागचं एक पान उलटून दाखवलं असतं तर त्या बाईच्या डोक्यावरचं ओझं त्याच क्षणी उतरलं असतं. पोर तर गेलीच होती, आता तिला वाचवायचं नव्हतं, फक्त एका आईला मोकळं करायचं होतं. आधी मी गप्प राहिलो तेव्हा एखादं दार अजून उघडं होतं असं तरी म्हणता येईल. नंतरची ही सहा वर्षं मी गप्प आहे, ती कशासाठी? सत्तर नगांसाठी?

त्यातली पहिली तीन वर्षं शीला माझ्याशी एक शब्द बोलली नाही. रागाने नाही. जिच्या आडून बोलायची तीच नव्हती. जेवण वाढून झालं की ताटाशी पाण्याचा पेला थोडा आवाज करून ठेवायची, म्हणजे या.

मग तिला मुलगा झाला. पाचव्या दिवशी, सकाळी, यमुनाने त्याला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. शीला दाराच्या आड उभी राहिली, पदर पुढे ओढलेला. तिचा आवाज मी तीन वर्षांनी ऐकला.

“बाळा, मोठ्या बाबाले विचार. कान लावून पाहता का म्हणा.”

गावात इतके लोक, आरोग्य केंद्रात नवा डॉक्टर आलेला, आणि तिला माझाच कान हवा होता. मी म्हणालो, आज नाही, गिरणी चालू आहे, सोमवारी पाहतो. सोमवारी पाहिलं. गिरणी बंद. घर बंद करून घेतलं, आईला बोलू नको म्हटलं. पाव तास कान लावून बसलो. दोन ठोके, स्वच्छ, त्यांच्यामध्ये काही नाही. ज्या वेळी लागायचं त्या वेळी दोन्ही दारं लागलेली.

मी म्हणालो, “साफ आहे. काही नाही.”

दाराआड बांगड्या वाजल्या. मला वाटलं ती आत गेली. गेली नव्हती.

“बाळा,” ती म्हणाली, “मोठ्या बाबाले सांग. तुले मी उनात नाई नेणार म्हणा. कदीच नाई.”

मी त्या मुलाच्या तोंडाकडे पाहून म्हणालो, “बरं.”

तो आता तीन वर्षांचा आहे. मे महिन्यात गावची पोरं आंब्याखाली असतात. हा खिडकीच्या गजांना धरून आतून बघतो.